नकाशावरचा फुगा

"तो फुगा जरा अलीकडं सरकवा की वो दादा."

आज नेटकॅफेत शेजारी एक बाई पोराचा आरटीईचा, म्हणजे खासगी शाळेतल्या गरीब मुलांसाठीच्या राखीव जागेचा, फॉर्म भरून घेत होती. नकाशावर घराची खूण, म्हणजे तो फुगा, लावायची, तिथं गाडी अडली. विड्या वळून पिवळी पडलेली बोटं स्क्रीनवर आपली गल्ली शोधत होती. हवी ती शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर नंबर आधी लागतो. घर जरासं बाहेर पडत होतं.

"खोटी जागा लावली तर पडताळणीत प्रवेश रद्द होतो, मावशी," कॅफेतला पोरगा म्हणाला. वर भाडेकरार नोंदणीचा हवा. मालक तो करून देत नाही.

"घरासमोर सरकारी शाळा हाय की. पण चार वर्गांना दोनच बाई," ती म्हणाली.

खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांचा कायदा 2009 चा. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगीला या जागांतून सूट, असा नियम सरकारनं 2024 मध्ये आणला, हायकोर्टानं तो रद्द केला. फार बरं झालं. पण अंतराचं काय? स्वस्त घर शहराबाहेरच मिळतं. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरमध्ये कामगारांसाठी 30 हजार घरांचा प्रकल्प आहे. हक्काचं घर, केवढी मोठी गोष्ट! मात्र चांगली शाळा जुन्या शहरातच राहिली तर तिथल्या पोरांनी अर्ज कुठं करायचा?

आणि समोरच्याच शाळेला पुरेसे शिक्षक दिले असते, तर त्या माउलीला फुगा सरकवावा लागला असता का?