पळून गेलेल्या गाडीचा नंबर मी कुठून आणू? (माझा अनुभव)

सायकलवर असताना एखाद्या गाडीने धडक दिली, तुमचं हाड मोडलं आणि गाडी पळून गेली, तर सरकारच्या 'हिट अँड रन' भरपाई योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. माणूस दगावला तर घरच्यांना २ लाख. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम लागू आहे. त्याआधी ती अनुक्रमे १२,५०० आणि २५,००० होती. सुरुवातीलाच हे लिहितेय, कारण दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये कुणीही मला ते आपणहून सांगितलं नाही. माझ्या नणंदेच्या मुलाने मोबाइलवर शोधून काढलं.

मी एमआयडीसीत पॅकिंगला आहे, कंत्राटी. पहिल्या पाळीला निघते तेव्हा उजाडलेलं नसतं. हमरस्त्यावरून सात-आठ किलोमीटर जायचं, सर्व्हिस रोड नाही आणि साइडपट्टी जिथे आहे तिथे खडी आणि वाळू. थंडीच्या दिवसांत एका पिकअपने मागून येऊन हँडलला घासलं आणि मी रस्त्याच्या कडेला जाऊन पडले. गाडी थांबली नाही. माझ्या सायकलला मागे लाल दिवा चालू होता, अंगात रेडियमच्या पट्ट्यांचं जाकीट होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच आला: "लाइट होता का?" कॉलरबोन मोडली होती. मागून येणाऱ्या कामगारांनी १०८ला फोन केला, दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) अशी नोंद झाली, अज्ञात वाहनचालकावर गुन्हाही दाखल झाला. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतली. इथपर्यंत सगळं सुरळीत.

अडलं ते तहसीलला.

या योजनेत अर्जाची चौकशी प्रांत किंवा तहसीलदार दर्जाचा अधिकारी करतो, जिल्हाधिकारी मंजुरी देतात आणि पैसे जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून (विमा कंपन्यांची संस्था) थेट बँकेत येतात. कागदावर इतकं सरळ आहे. मी गळ्यात हात अडकवून आवक टेबलाला गेले, तर "हा विषय आमच्याकडे नाही, आरटीओत जा." आरटीओत म्हणाले, आमचा यात काही संबंध नाही. परत तहसीलला आले तर संजय गांधी निराधारच्या शाखेत पाठवलं. तिथे माझ्या पुढे म्हाताऱ्या बायकांची रांग होती. नंबर आला तेव्हा कळलं, तेही टेबल नव्हे. जेवणाची सुट्टी, साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर. कंत्राटी माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. आधीच हातामुळे घरी बसलेली, आणि हात जरा बरा होऊन कामावर रुजू झाले तरी तहसीलसाठी पुन्हा खाडे.

शेवटी ज्या कारकुनांकडे विषय गेला, त्यांनी कागदांची एक यादी पुढे केली. गाडीचं आरसी, गाडीच्या विम्याची प्रत, चालकाचा परवाना. ती यादी दुसऱ्याच कुठल्या कामाची होती. मी म्हटलं, भाऊ, गाडी पळून गेली.

"ताई, मग निदान नंबर तरी आणा. नंबराशिवाय फाइल पुढे जात नाही."

"नंबर माहीत असता तर मी इथे आलेच नसते. ही योजनाच नंबर न सापडलेल्यांसाठी आहे. नंबर असता तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला असता."

"ते बरोबर आहे हो. पण रकाना कोरा कसा ठेवू?"

यावर मी काय बोलणार? तो माणूस वाईट नव्हता, त्याने मला बसायला खुर्ची दिली होती. पण माझी फाइल त्या एका कोऱ्या रकान्यावर अडून राहिली आणि मी दर वेळी तेच वाक्य ऐकून घरी आले. एकदा तर म्हणाले, पोलिसांकडून नंबर काढून आणा. पोलीस म्हणाले, बाई, आम्हाला सापडला असता तर आम्ही आरोपी नसता का पकडला?

मग आम्ही तोंडी बोलणं बंद केलं. भाच्याने योजनेचं राजपत्र छापून आणलं. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४चा आदेश छापला. त्यात म्हटलंय की महिन्याभरात गाडीचा तपास लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना या योजनेची लेखी माहिती द्यायची. ती प्रत घेऊन मी ठाण्यात गेले आणि 'वाहन अद्याप मिळून आलेले नाही' असं पत्र मागितलं. हवालदार मॅडमनी ते त्याच दिवशी दिलं, त्यांचे उपकार मानते. तहसीलच्या त्याच टेबलावर 'अ समरी' झाल्याशिवाय अर्ज घेता येत नाही असंही सांगितलं होतं. म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा पोलिसांचा शेवटचा अहवाल. तो यायला किती महिने जातील याचा नेम नाही. माझं काम त्या साध्या पत्रावर झालं.

नमुना १मधला अर्ज, सोबत नमुना ४मधलं हमीपत्र (पुढे गाडी सापडून वेगळी भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करीन, असं लिहून द्यायचं असतं), एफआयआर, दवाखान्याचे कागद, पोलिसांचं पत्र, असं सगळं रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह तहसीलदारांच्या नावे पाठवलं. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. अर्जाच्या शेवटी एकच ओळ जास्तीची: अर्ज स्वीकारता येत नसल्यास कारण लेखी कळवावे. पोचपावती परत आली, आणि त्यानंतर नायब तहसीलदारांनी स्वतः बोलावून घेतलं. त्यांनी राजपत्र वाचलं, पेन घेतलं आणि त्या रकान्यात 'अज्ञात' असं लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर. एक शब्द! त्यासाठी माझे इतके दिवस गेले याचा राग अजून जात नाही.

चौकशीला एक महिना, मंजुरीला पंधरा दिवस, पैसे द्यायला पंधरा दिवस अशी मुदत योजनेत आहे. माझ्या बाबतीत जास्त लागले, पण पैसे पूर्ण आले.

त्याच न्यायालयीन आदेशात एक आकडा आहे. २०२२ साली देशात हिट अँड रनचे ६७,३८७ अपघात झाले आणि २०२२-२३ या वर्षात या योजनेत अर्ज आले फक्त २०५. मी तो वाचला तेव्हा मला त्या टेबलावरचा कोरा रकाना आठवला. किती जण तिथूनच परत गेले असतील?

दवाखान्यातून घरी सोडताना कार्डावर 'फ्रॅक्चर' हा शब्द स्पष्ट लिहिलाय का ते बघा. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापत आहे, आणि योजनेतले पैसे गंभीर दुखापतीलाच मिळतात. नुसतं 'खांद्याला मार' लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या. पोलीस तक्रार घेत नसतील तर ती पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. आणि धडक देणाऱ्या गाडीचा नंबर कुणी पाहिला असेल तर या योजनेच्या मागे लागू नका, सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात दावा लावा. तिथे सायकलवाल्यालाही पूर्ण हक्क आहे.

रस्त्याबद्दल. मी पुन्हा सायकलनेच जाते, दुसरं परवडत नाही आणि मला सायकल आवडते. अगदी कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून चालवू नका. तिथे वाळू असते, सायकल घसरते, आणि मागच्याला वाटतं जागा आहे, जाऊ दे घासून. पट्टीपासून दोन-अडीच फूट आत राहिलं की त्याला ओव्हरटेक ठरवूनच करावं लागतं. मी आता हँडलला उजवीकडे आरसाही लावलाय. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा दिवा नसतो आणि ती वळणावर झोल खाते. तिच्या शेजारून कधीच जाऊ नका, मागे थांबा. ट्रक किंवा एसटी डावीकडे वळायच्या बेतात असेल तर तिच्या डाव्या बाजूला शिरू नका, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही. पावसात रिमचे ब्रेक उशिरा लागतात, तेव्हा अंतर जास्त ठेवा.

हो, एक राहिलं. एफआयआर, आधार आणि पासबुक, तिन्हीवर नाव एकच हवं. माझ्या पासबुकावर माहेरचं नाव होतं, त्यासाठी बँकेत वेगळी चक्कर झाली. बायकांनी हे आधीच करून ठेवा. आमच्या पाळीतल्या एका हेल्परलाही गेल्या पावसाळ्यात असंच उडवलं. त्याचा अर्ज मीच भरून दिलाय, आणि गाडीच्या नंबराच्या जागी सुरुवातीलाच 'अज्ञात' लिहून दिलंय.