खारघरच्या कॅम्पसमधला सावकाश फेरफटका: मागच्या गेटाने जाऊ नका

आधी महत्त्वाचं सांगते. खारघरच्या विद्यापीठ कॅम्पसमधल्या झाडं-चित्रं बघायच्या फेरीचा जो मेसेज सगळीकडे फिरतोय, त्यात ‘मागच्या गेटाने शिरा, तिथूनच झाडी सुरू होते’ असं लिहिलंय. ते साफ चूक आहे. ते गेट बाहेरच्यांसाठी बंद असतं. मी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी त्यावर विसंबून गेले आणि सकाळचा सगळ्यात चांगला वेळ कंपाउंडच्या भिंतीबाहेर घालवला.

ठाण्याहून पहाटेच निघाले होते. खारघर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने दीडशे सांगितले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. मीटरने पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये, म्हणजे सगळे मिळून पन्नास-बावन्न. “दादा, मीटर टाका ना.” “मॅडम, तिकडून रिकामं यावं लागतं.” शेवटी शंभरावर ठरलं आणि ते शंभर मला अजून खुपतात. शिवाय त्याने सोडलं ते त्या बंद गेटाशी.

“ताई, इथून एन्ट्री नाही, मेन गेटला जा,” वॉचमन म्हणाले.

“किती लांब आहे?”

“हे काय, दहा मिनिटं.”

पस्तीस लागली. मी पावसाळ्यात राजमाची करते, चालायचा कंटाळा नाही. पण हा पट्टा वाईट आहे. फूटपाथ दोनशे पावलांत संपतो. पुढे खडी, गटाराची दोन झाकणं गायब, आणि खडीचे डंपर इतके अंगाला घासून जातात की दरवेळी भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. सावली नाही. एप्रिलमध्ये सात वाजताच उन्हाचा चटका बसतो आणि घामाने कुडता पाठीला चिकटतो. एका वळणावर कचऱ्याच्या ढिगापाशी सात-आठ कुत्री होती. तिथे रस्ता ओलांडून पलीकडे गेले, पुढे पुन्हा अलीकडे आले. सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर या रस्त्याचा विचारही करू नका.

खरं नुकसान मात्र पायांचं नाही, डोळ्यांचं होतं. अर्धा तास पायाखाली आणि मागून येणाऱ्या हॉर्नकडे लक्ष ठेवलं की नजर आखडून जाते. आत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं समोर बहावा पिवळाधमक लटकलेला होता आणि मला तो नुसता दिसत होता, बघता येत नव्हता. सावकाश बघण्यासाठी जायचं असेल तर तिथे पोचणंही सावकाश आणि सुखाचं हवं. म्हणून बेलापूरला उतरा, मेट्रोने सेंट्रल पार्क गाठा, तिथून मेन गेट पंधरा मिनिटांवर, सरळ फूटपाथने. पुढच्या रविवारी मी असंच गेले, सगळं सुरळीत झालं.

गेटवर ओळखपत्र दाखवून रजिस्टरमध्ये नाव लिहायचं. सातच्या आत पोचा.

आत एक भिंत आहे, साधारण वीस पावलं लांब, गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं. पालघर २०१४ साली वेगळा होईपर्यंत महाराष्ट्रातले वारल्यांचे बहुतेक पाडे आमच्या ठाणे जिल्ह्यातच होते, म्हणून मला ही चित्रं घरची वाटतात. मुळात ती सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढायची; इथे ॲक्रिलिक आहे आणि खालचा हातभर भाग पावसाने सोलपटलाय. तरी उकिडवं बसून बघा. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची गुंडाळी आहे, आणि तिच्या मधूनच पाण्याचा पाइप भिंतीत शिरलाय. रंगवणाऱ्याने नाच तोडला नाही. पाइपच्या दोन्ही बाजूंच्या बायकांचे हात लांब करून पाइपवरून एकमेकींत गुंफलेत. मी एवढ्यासाठी पुन्हा दहा वेळा जाईन.

कैलासपतीचं झाड ॲडमिन बिल्डिंगच्या मागे आहे. फुलं थेट खोडावरच येतात, आत नागाच्या फण्यासारखा पुंकेसरांचा झुपका. वास आधी गोड आणि मग डोकं भणभणवणारा. त्याखाली बसू नका. तोफगोळ्याएवढी फळं वरून पडतात आणि ती चांगलीच जड असतात.

त्या शनिवारी सकाळी माणशी सातशे रुपये घेऊन पंचवीस जणांना फिरवणारा एक गट भेटला. हातात स्पीकर, दर झाडापाशी फोटो, पन्नास मिनिटांत अख्खा कॅम्पस. पैसे वाया. एकटे जा, फार तर दोघं. मला अर्ध्या किलोमीटरला अडीच तास लागले आणि तेही कमी पडले. दुर्बिणीपेक्षा साधं भिंग जास्त कामाला येतं.

भिंग काढलं ते ओंबील मुंग्यांसाठी. आंब्याच्या फांदीवर तांबड्या मुंग्यांची ओळ दोन पानांच्या कडा ओढून धरत होती. जिथे पानं जास्त लांब होती तिथे एकीने दुसरीची कंबर पकडून साखळी केलेली. कडा जवळ आल्या तशी आतून एक मुंगी जबड्यात पांढरी अळी घेऊन आली आणि तिला या कडेवरून त्या कडेवर, पुन्हा या कडेवर टेकवत राहिली. रेशीम अळीच्या तोंडातून येतं. मुंग्या आपली पिल्लंच धोट्यासारखी फिरवून घर विणतात. हे मी वाचलेलं होतं, बघितलं आयुष्यात पहिल्यांदा. वीस मिनिटं उभी होते. डंपर, शंभर रुपये, सगळं तेवढा वेळ डोक्यातून गेलं.

लायब्ररीच्या पायऱ्यांच्या डाव्या हाताचा आंबा, खांद्याच्या उंचीची फांदी. खोडाला टेकू नका. चावतात, आणि चावल्या जागी आम्ल सोडतात, ती आग तासभर जात नाही.