तांबडीचे पाय

मे महिन्यातली सकाळ. माण तालुक्यात या दिवसांत नऊ वाजताच दवाखान्याचा पत्रा तडतडायला लागतो. खोड्यात एक म्हैस गाभण तपासणीसाठी उभी होती, तिच्यामागे दोन शेरडं आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. मांडीवर पाटी, पाटीवर जुनेराचा तुकडा. कोंबडी घेऊन दवाखान्यात येणारी माणसं फार थोडी. पाय गेलेल्या कोंबडीचा त्याच संध्याकाळी रस्सा होतो, हीच सगळीकडची रीत. म्हशीची तपासणी आटोपल्यावर मी आधी आजींनाच आत बोलावलं.

जुनेर बाजूला केलं. दोनेक वर्षांची गावरान तांबडी कोंबडी, डोळे टवटवीत, मान सरळ. दोन्ही पाय मात्र मागे लांब पसरलेले, जणू तिचे नव्हतेच.

“काल दिस मावळंपर्यंत उकिरडा उकरत हुती बाई. सकाळी खुराड्याचं दार काढलं, समद्या भायेर आल्या, ही आपली जागच्या जागी. उभी केली की खाली बसतीया.”

“आजी, आणखी कुठली आजारी आहे का? हगवण, घरघर?”

“न्हाई. बाकीच्या उड्या मारत्यात.”

गावाकडे कोंबडी पडली की पहिलं नाव निघतं मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं. पण त्यात हिरवट हगवण लागते, श्वास घरघरतो, मान पिरगळते आणि एकटी कोंबडी सहसा पडत नाही, खुराडंच्या खुराडं बसतं. शिवाय आजींच्या कोंबड्यांना लस टोचलेली होती. दुसरी शंका मॅरेक्सची. हा विषाणू पायाच्या नसा सुजवतो, पण तो बहुतेक तरण्या तलंगांना धरतो आणि त्यात पुष्कळदा एक पाय पुढे, एक मागे असा फाकतो. हिचे दोन्ही पाय सारखेच लुळे होते. अंडं अडकलं तरी कोंबडीला उभं राहता येत नाही, म्हणून पोट चाचपलं. मऊ होतं. तळव्याला गाठ नाही, हाड मोडलेलं नाही. उकिरड्यावर मेलेलं काही किंवा त्यातल्या अळ्या खाल्ल्या असतील तर बॉट्युलिझम होतो, पण त्यात मानही गळते आणि पिसं हलक्या हातानं उपटून येतात. तेही नव्हतं. बोट चिमटलं तेव्हा तिनं पाय आखडायचा प्रयत्न केला. दुखलेलं कळत होतं, पायात ताकद नव्हती.

ताप पाहिला. कोंबडीचं अंग माणसापेक्षा गरमच असतं, साधारण 106 ते 107 अंश फॅरनहाइट. हिचं तेवढंच भरलं.

मग मी डावा पंख उचलला.

काखेतल्या उघड्या कातडीवर मोहरीएवढे निळसर काळे ठिपके चिकटलेले, भोवती लालसर डाग. धूळ असेल म्हणून कापसानं पुसलं, तर एकही हलला नाही. भिंग धरलं आणि पाय मोजले. सहा. गोचिडीची पिल्लं.

कोंबड्यांची ही गोचीड जनावरांच्या गोचिडीपेक्षा वेगळी. मोठी झालेली गोचीड दिवसा फटीत लपते, रात्री बाहेर येते, पोटभर रक्त पिते आणि पुन्हा फटीत जाते. म्हणून दिवसा कोंबडीच्या अंगावर ती कुणाला दिसत नाही. पिल्लं मात्र आठवडाभर कातडीला धरून बसतात, आणि त्यांच्या लाळेत असं विष असतं की पुरेशी पिल्लं चिकटली की कोंबडीचे पाय जातात. मग पंख पडतात, शेवटी श्वास. काढली तर बहुतेक कोंबड्या बऱ्या होतात. हे मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकताना पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं.

आमच्या दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या, व्रणोपचारक मामांनी कोंबडी धरली, मी चिमट्यानं एकेक पिल्लू काढत गेले. डाव्या पंखाखाली बेचाळीस, उजव्याखाली सदतीस. आजी मोजत होत्या. तीसच्या पुढे त्यांनी मोजायचं सोडलं आणि नुसत्या तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. याच गोचिडीमुळे रक्तात आणखी एक जंतू शिरतो, त्यानंही पाय लुळे पडतात, पण त्यात जोराचा ताप आणि हिरवी हगवण असते. तरी खात्रीसाठी पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टी रंगवली. सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडलं नाही. ताप असता तर पेनिसिलिन लगेच सुरू केलं असतं.

“सुई न्हाई का?” आजींनी विचारलं.

“हिला सुईपेक्षा तुमचा हात लागणार आहे, आजी.” खरंच या विषावर कोंबडीला टोचायला काही औषध नाही. पाटीत भुसा घालायचा, चार-चार तासांनी कूस बदलायची म्हणजे छातीच्या हाडावर जखम होत नाही, चोचीला थेंब लावून पाणी पाजायचं, कण्यांची पातळ पेज द्यायची, आणि काहीही झालं तरी खुराड्यात ठेवायचं नाही.

रात्री साडेनवाला मी आणि मामा बॅटरी घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो. खुराडं मातीच्या भिंतीला टेकून, बाभळीच्या जुन्या फळ्यांचं, आजींच्या सासऱ्यांच्या हातचं. बॅटरी लावली आणि मामांनी हात मागे घेतला. फळीच्या प्रत्येक चिरेतून कलिंगडाच्या बियांसारख्या चपट्या तपकिरी गोचिडी बाहेर येऊन दांडीकडे चालल्या होत्या. आजी कपाळाला हात लावून खाली बसल्या. “ह्याच्यात मी त्यास्नी रोज कोंडत हुते.”

मी काही बोलू शकले नाही, कारण मला दुसऱ्याच एका बाई आठवत होत्या. आदल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावातून एक ताई तीन कोंबड्या घेऊन आल्या होत्या. तिघींचे पाय गेलेले. दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. मी लांबूनच पाहून मॅरेक्स म्हणाले, यावर इलाज नाही म्हणाले. त्यांनी मुकाट्यानं पाटी उचलली. मी पंख उचलून पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचा फोन आला, तांबडीचा एक पंख खाली लोंबतोय. मी गाडी काढली. पुन्हा सगळं अंग धुंडाळलं, तेव्हा मांडीच्या आतल्या घडीत सहा पिल्लं राहिलेली सापडली. ती काढली आणि तासभर तिथंच बसले, तिचा श्वास मोजत. तो संथ होता, अडत नव्हता. चौथ्या दिवशी तिनं माझं बोट नखांनी धरलं. आजी म्हणाल्या, “धरलं बघा, धरलं!” सहाव्या दिवशी भिंतीच्या आधारानं उभी राहिली आणि नवव्या दिवशी उकिरड्यावर पोचली.

तोवर आजींच्या नातवानं जुन्या फळ्या जाळल्या होत्या. भिंतीच्या भेगा खरवडून, लिंपून चुना दिला, रिकाम्या जागेत गोचिडीचं औषध फवारलं आणि अंड्यांतून नवी पिल्लं निघतील म्हणून पंधरा दिवसांनी परत फवारलं. नवी दांडी लोखंडी पाइपची, भिंतीपासून सुटी, तिचे पाय जुन्या ऑइलच्या डब्यांत, म्हणजे गोचिडीला वर चढायला वाट नाही. बाकीच्या अकरा कोंबड्यांचे पंख मी एकेक करून उचलून पाहिले. तिघींना पिल्लं होती, चालत मात्र सगळ्या होत्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्या ताईंचं घर शोधत गेले. त्यांनी ओळखलं, पाणी दिलं. तिन्ही कोंबड्या गेल्याच होत्या, नंतर आणखी दोन. पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत, म्हणाल्या. खुराडं गोठ्याच्या कडेला तसंच होतं, वर्षभर रिकामं, आत गोवऱ्या रचलेल्या. मी विचारलं, बघू का? त्यांनी गोवऱ्या बाजूला केल्या. मी खिशातली सुरी काढून फळीच्या चिरेत घातली आणि हळूच फिरवली. कागदासारख्या पातळ झालेल्या दोन गोचिडी बाहेर पडल्या. मी त्यांच्यावर फुंकर घातली, तर त्यांनी पाय हलवले. वर्षभर उपाशी राहून जिवंत.

ताई वाकून बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, “ताई, गेल्या वर्षी चूक माझी झाली.”

त्या बराच वेळ चिरेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आजच जाळू ह्या फळ्या. काडेपेटी आणते.”