दोन इंचांची माया

रविवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाही. भाच्याचा शर्ट मांडीवर आहे, टेप टेबलावर तशीच पसरलेली. हा शर्ट मी घरून शिवून आणला होता, पण इथे येऊन पोरगं भरलंय, छातीत बसत नाही. शिवणीत माया सोडलेली आहे, दोन्ही बाजू मिळून दोन इंच सहज सुटतील. सकाळी निघताना त्याला तेच सांगितलं होतं. दोन इंच हे माप दिवसभर असं पाठीस लागेल, याची तेव्हा कल्पना नव्हती.

तो मला लंडनमधल्या हेंडनला, आरएएफच्या म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात घेऊन गेला. तिथलं लँकेस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर विमान, बघण्यासाठी तो लहानपणापासून झुरत होता. विमान खरंच अवाढव्य आहे. पंखांची रुंदी १०२ फूट, चार मर्लिन इंजिनं, पोटाखाली ३३ फूट लांबीचा बॉम्ब ठेवायचा कप्पा. नाकाजवळ रंगवलेल्या बॉम्बच्या रांगा, एकेका मोहिमेचा एकेक. खाली हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची बढाई मुद्दाम लिहिलेली आहे, की राइशच्या, म्हणजे जर्मनीच्या, हद्दीवरून शत्रूचं एकही विमान उडणार नाही. याच विमानातून शैलेंद्र एकनाथ सुखठणकर नॅव्हिगेटर, म्हणजे वाट आखून देणारे, म्हणून गेले होते, त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं होतं, हे भाच्याने सांगितलं आणि मी पुन्हा एकदा वर बघितलं. आपल्याकडचं आडनाव. काळोखात, गोठत्या थंडीत, नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढत बसलेला आपला माणूस.

एवढ्या मोठ्या विमानात सात जणांना जागा मात्र मोजून मापून दिलेली. मधे पंखांना जोडणारी जाड तुळई आडवी येते, पुढे-मागे जायचं तर अवजड कपड्यांनिशी तिच्यावरून चढून जायचं. शेपटातल्या गनरची, मशीनगन चालवणाऱ्याची, तर दयाच येते. तो काचेच्या त्या घुमटीत तासन् तास एकटा, पाय दुमडून. पॅराशूट घुमटीत मावत नाही म्हणून पाठीमागच्या बोळात टांगलेलं. उडी मारायची वेळ आली की आधी घुमटी सरळ करायची, मागची दारं उघडायची, पॅराशूट ओढून छातीला अडकवायचं, आणि मग बाहेर.

पुढच्या पाच जणांसाठी उडी मारून बाहेर पडायला नाकाच्या तळाशी एक झडप होती. रुंदी २२ इंच. हॅलिफॅक्स या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बर विमानात तीच झडप २४ इंचांची. फ्रीमन डायसन, जो पुढे मोठा शास्त्रज्ञ म्हणून नावाजला, तो एकोणीस-वीस वर्षांचा असताना बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ही विमानं पाठवणाऱ्या हवाई दलाच्या विभागात, हिशेब करायला बसला होता. पडलेल्या विमानांतून किती जण जिवंत सुटले, याचे त्याने लिहिलेले आकडे असे: अमेरिकन बॉम्बर विमानांतून निम्मे, हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंग या ब्रिटिश विमानांतून चौथा हिस्सा, लँकेस्टरमधून शंभरात पंधरा. त्याच्या एका सहकाऱ्याने झडप मोठी करा म्हणून दोन वर्षं पाठपुरावा केला. ते मान्य होईपर्यंत युद्ध संपत आलं होतं.

मी शिवणारी बाई आहे. दोन इंच म्हणजे काय ते मला हाताला कळतं. जाड गणवेश, वर लाइफ जॅकेट, वर पट्टे, छातीवर पॅराशूटचं गाठोडं, आणि विमान गिरक्या घेत खाली येतंय. कापड बेतताना जी गोष्ट आम्ही सवयीने सोडतो, ती इथे कुणी सोडलीच नव्हती.

आणि ही मुलं एकमेकांना स्वतः निवडून आलेली! प्रशिक्षणात एका मोठ्या हँगरमध्ये सगळ्यांना सोडायचे आणि सांगायचे, तुमचं तुम्ही जमवा. कुणी कुणाचं हसणं बघून, कुणी गावाचं नाव ऐकून हात पुढे करायचा. मग तीस मोहिमा एकत्र. बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख जण उडाले, सगळे स्वेच्छेने आलेले, आणि ५५,५७३ परतले नाहीत. सरासरी वय बावीस-तेवीस.

मिनार्स्कीची गोष्ट भाच्याने येताना ट्रेनमध्ये सांगितली. अँड्र्यू मिनार्स्की, कॅनडाचा, जून १९४४, फ्रान्समध्ये कांब्रेवर गेलेलं विमान पेटलं. हा दारापर्यंत पोचला होता. पण शेपटातला पॅट ब्रॉफी घुमटीत अडकलेला दिसला, म्हणून आगीतून रांगत मागे गेला, कुऱ्हाडीने आणि मग नुसत्या हातांनी ती उघडायचा प्रयत्न केला. ब्रॉफीनेच त्याला जा म्हणून खुणावलं. तो पाठ न फिरवता, आगीतून तसाच मागे सरकत गेला, पेटत्या कपड्यांनी सलाम केला आणि उडी मारली. भाजून गेला बिचारा. आणि ब्रॉफी, विमान जमिनीवर आपटल्यावर बाहेर फेकला जाऊन वाचला, म्हणूनच हे जगाला कळलं.

हे लिहिताना खालचेही डोळ्यांसमोर येतात. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावरच्या बॉम्बफेकीत पंचवीस हजारांच्या आसपास माणसं जळून, गुदमरून गेली. त्यात बायका, मुलं, दुसऱ्या गावांहून जीव घेऊन पळून आलेले निर्वासित. विमानातल्या पोरांसाठी जीव तुटतो, आणि त्या तळघरांतल्या आयांसाठीही तुटतो. दोन्ही मी मनात धरून आहे, एकाने दुसरं कमी होत नाही.

घरी आल्यावर भाच्याला जाकीट घालून उभं केलं, छातीशी त्याची कॉलेजची बॅग धरायला लावली आणि खांद्यांवरून आडवी टेप धरली. एकवीस भरलं. "मावशी, किती आलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, शर्टाचं माप घेतेय, हलू नकोस.

आता तो झोपलाय. डावी बाजू उसवून झाली, उजवी राहिली आहे.