हरिजींचा श्वास

साउंडच्या कामात कलाकार समोर असला तरी मैफल अशी ऐकायला मिळत नाही. एक कान फीडबॅककडे, म्हणजे स्पीकरच्या शिट्टीकडे, नजर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरवर, आणि तेवढ्यात तबलजी मॉनिटर, म्हणजे त्याच्यासमोरचा स्पीकर, वाढवा म्हणून खुणावतो. त्यामुळे बासरीवादक पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या मैफलीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आनंदाइतकीच धास्तीही वाटली. शिवकुमार शर्मा आणि ब्रिजभूषण काबरा यांच्यासोबतची त्यांची १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका ऐकत मी मोठा झालो. प्रत्यक्ष मात्र कधीच ऐकलं नव्हतं.

बासरीला माइक लावणं वाटतं तितकं सोपं नाही. फुंकीच्या अगदी समोर धरला तर हवेचा फटका बसून स्पीकर धपधपतात, लांब ठेवला तर तबला आत शिरतो. म्हणून तो फुंकीच्या किंचित वर, तिरका लावायचा. त्यात हरिजींची बासरी डाव्या बाजूला असते. आधी ते उजवीकडे धरून वाजवत. सूरबहार वाजवणाऱ्या गुरू अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा चांगलं नाव झालेलं होतं, तरी पाटी कोरी करून शिकायची आपली तयारी आहे हे दाखवायला त्यांनी बाजूच बदलली. बोटांना लागलेलं सगळं वळण मोडून पुन्हा सुरुवात! मधल्या माइकचा स्टँड पलीकडे सरकवताना हे मनात आलं आणि हात थरथरला. शेजारी साथीला बसणाऱ्या शिष्यांचे माइक वेगळे लावले.

हरिजी शिष्यांच्या आधाराने मंचावर आले. वय ऐंशीच्या पुढचं. यमन रागाचा आलाप मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, सुरू झाला आणि हेडफोनमध्ये मला सुरांच्या आधी श्वास ऐकू आला. आत घेतलेली हवा, ओठांवरून बांबूत शिरताना होणारी बारीक सळसळ, आणि मग तो सूर. वरच्या फ्रिक्वेन्सीतली ही सळसळ मी एरवी सवयीने कापतो, लोकांनाही तसाच गुळगुळीत आवाज आवडतो. त्या दिवशी ती कापणारा इक्यूचा नॉब शून्यावर परत आणला.

हरिजींचे वडील पहिलवान होते, त्यांनी स्वतःही लहानपणी अलाहाबादच्या आखाड्यात जोर मारले. त्या कसरतीचा दमसासाला फायदा झाला असं ते सांगत आले आहेत. आता तो दम तसा उरलेला नाही. लांब तान मधेच सुटायची, शिष्य ती हलकेच उचलून पुढे न्यायचे, आणि हरिजी पुन्हा एखादाच सूर लावायचे. पण तो सूर असा काही लागायचा की शिष्यांची सगळी तयारी त्याच्यापुढे नवखी वाटावी. शिष्यांचा फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, वर ढकलून ही उणीव झाकणं मला सहज जमलं असतं. मी त्याला हात लावला नाही. जे आहे ते सभागृहाला ऐकू जावं, असंच मला वाटत होतं. शेवटच्या द्रुत भागात, म्हणजे 'झाला'मध्ये, जिभेच्या आघातांनी लय धरली तेव्हा मीटर बघायचं भान मला राहिलं नाही, सहकाऱ्याने कोपराने ढोसलं.

मैफल संपल्यावर आयोजकांनी रेकॉर्डिंग मागितलं आणि श्वासाचे आवाज साफ करून द्या म्हणाले. मी म्हटलं, इतर खरखर काढतो, श्वास काढणार नाही. थोडी हुज्जत झाली. शेवटी त्यांना हेडफोन लावून मंद्रातला तेवढाच भाग ऐकवला, मग त्यांनी आहे तशीच फाइल नेली.