कोसेकीवरची फुली आणि आजोळाची वाट

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांशी लग्न करून जपान सोडलेल्या बायकांना तिथे ‘सेन्सो हानायोमे’ म्हणतात, म्हणजे युद्धवधू. कित्येकींचं माहेर तेव्हाच तुटलं. आता त्यांची मुलं-नातवंडं आजोळ शोधतात. त्यांच्या हाती पहिल्यांदा ‘कोसेकी’ ही कुटुंबनोंद येते आणि आईच्या नावावर फुली दिसते. वाटतं, आजोबांनी नाव कापलं!

तसं नसतं. कोणी वारलं, लग्न होऊन दुसऱ्या नोंदीत गेलं किंवा नागरिकत्व गेल्याचं कळवलं, की हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदीत कारकून फुली मारत असे. फुलीचं कारण शेजारच्या मजकुरात असतं. तो वाचून घेतल्याशिवाय कोणावरही राग धरू नका.

टपालाने कोसेकी मागवायची ती ‘होन्सेकी’च्या, म्हणजे नोंदीच्या मूळ पत्त्याच्या नगरपालिकेकडून. राहता पत्ता वेगळा असू शकतो. नाव आणि होन्सेकी कांजी लिपीत हवेत, कारण एकाच उच्चाराची नावं अनेक तऱ्हांनी लिहितात. घरात कागद नसतील तर आईची अमेरिकेतली इमिग्रेशन फाइल मागवा. व्हिसासाठी दिलेली कोसेकीची प्रत त्यात असू शकते.

चालू नोंदीला ४५० येन, बंद झालेल्या नोंदीला ७५०. बंद नोंदी पूर्वी ८० वर्षंच ठेवत, २०१० पासून १५० वर्षं ठेवतात, त्यामुळे काही आधीच नष्ट झाल्या आहेत. ओकिनावातल्या बहुतेक १९४५ च्या लढाईत जळाल्या. सरळ वंशातल्या माणसाला कारण द्यावं लागत नाही, पण नातं दाखवणारे जन्मदाखले आणि त्यांचं जपानी भाषांतर जोडा. परदेशातून टपालाने मागवताना अर्ज बहुधा पैशांपाशी अडतो. टपालाची ठरावीक रकमेची मनीऑर्डर जपानातच विकत मिळते. म्हणून पैसे कसे पाठवायचे, हे नगरपालिकेला आधी विचारा.

मामा-मावशीची स्वतंत्र नोंद मात्र सहज मिळत नाही, ते सरळ वंशात येत नाहीत. आजोबांच्या नोंदीत त्यांच्या लग्नानंतरचं होन्सेकी सापडतं, राहता पत्ता नाही. अशा वेळी कुटुंबाची कबर ज्या बौद्ध मंदिरात आहे तिथे लिहावं. पत्ता मागू नका, तो ते बहुधा देणार नाहीत. बंद पाकीट कुटुंबाकडे पोचवाल का, एवढंच विचारा.

पत्र जपानीत, एका पानाचं. नातं, आईचा फोटो, आणि आजी-आजोबांच्या कबरीवर उदबत्ती लावायची इच्छा. एप्रिल २०२४ पासून वारसाहक्काने आलेल्या जमिनीची नोंद तिथे सक्तीची झाली आहे, त्यामुळे परदेशातलं अनोळखी पत्र म्हणजे हिस्सा मागायला आलेलं माणूस, अशी धास्ती वाटू शकते. मालमत्तेसाठी लिहीत नाही, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. मात्र समोरून वारसाचा कागद आला तर जपानी वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

उत्तर आलं नाही तर लगेच फोन करू नका. ऑगस्टमध्ये, पूर्वजांच्या ओबोनच्या दिवसांच्या थोडं आधी, दुसरं पत्र पाठवा. त्या दिवसांत घरचे लोक कबरीपाशी एकत्र येतात, आणि अमेरिकेत गेलेल्या आत्याचा विषय निघालाच तर तिथेच निघतो.