अमृतसरला जाताय? रुमाल घरून न्या

हेरिटेज स्ट्रीटवरून सुवर्णमंदिराकडे चालायला लागलं की केशरी रुमालांचे गठ्ठे घेतलेली पोरं मागे लागतात. डोकं झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत, असं सांगतात. ते खरंच आहे. पण प्रवेशद्वारापाशीच रुमालांची पेटी असते, त्यातला घ्यायचा, बांधायचा आणि निघताना परत टाकायचा, पैसे शून्य, हे कुणी सांगत नाही. आमच्या चौघांचे दोनशे रुपये एका पोराने काढले. कापड असलं भिकार की पहिल्याच घामाला रंग कपाळावर उतरला.

तेव्हा विकत घेऊ नकाच. गर्दीच्या दिवशी पेटीतले रुमाल घामेजलेले असतात, म्हणून घरून मोठा सुती रुमाल न्यावा आणि मागे गाठ मारून बांधावा. खिशातला हातरुमाल पुरत नाही, घसरतो. क्रिकेटची कॅप घालून जायचा विचार सोडा. बायकांनी शिफॉनची ओढणी टाळावी. परिक्रमेत वारा असतो, एका हातात फोन. ओढणी खांद्यावर आली की भाला घेतलेला सेवादार लांबूनच डोक्याकडे बोट दाखवतो. शांतपणे, पण दाखवतो. साडीचा पदर उत्तम, फक्त पिन लावा. (आईचा पदर दिवसभर जागचा हलला नाही. तिची गोष्ट वेगळी.) गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, म्हणजे बर्मुडा आणि बिनबाह्यांचे टॉप हॉटेलवरच. तंबाखूची पुडीही तिथेच, चुन्याच्या डबीसकट.

आता पायांचं. चपला जोडाघरात फुकट ठेवतात, टोकन मिळतं. मोजेही काढायचे. पुढे उथळ पाण्यातून पाय धुवून आत. इथवर ठीक. पण मे महिन्यात दुपारी त्या पांढऱ्या संगमरवरावर पाय ठेवून बघा! चालायला पट्ट्या अंथरलेल्या असतात, त्यावरून उतरलात की चटका. आमच्यातले दोघे अक्षरशः उड्या मारत सावलीला पळाले. त्यानंतर दर्शनी ड्योढीची, म्हणजे मुख्य मंदिराकडे नेणाऱ्या दरवाजाची रांग, आणि रविवार असेल तर तास-दोन तास सहज. एप्रिल ते जून दुपारी जाऊच नये, लहान मुलं असतील तर अजिबातच नाही. चटके बसले म्हणून सरोवरात पाय सोडून बसायचं नाही, तेही लगेच हटकतात. पहाटे जा. आवारातल्याच अकाल तख्ताकडून गुरु ग्रंथ साहिबची पालखी येते ती त्याच वेळी आणि फरशीही गार असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटेची ओली फरशी तळव्यांना बधिर करते.

आत, दरबारात, फोटो काढायचे नाहीत. कडाह प्रसाद (कणकेचा शिरा) आणि लंगरची, म्हणजे तिथल्या मोफत पंगतीची रोटी दोन्ही हातांनी घ्यायची, आणि डोकं तिथेही झाकलेलंच.

नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने जात असाल तर ताट-वाटी हाताशी ठेवा, वाटेत स्टेशनांवर लंगर वाढतात. आणि नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कधी गेला असाल तर घरात एखादा रुमाल असेलच, तोच पिशवीत टाका.